वगळलेले नाव

पुण्याच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी असताना ग्रंथालयातल्या जर्मन लेखकांच्या कपाटाकडे आमच्यापैकी फारसे कोणी फिरकत नसे. एका पावसाळ्यात त्याच कपाटात हाइनरिश ब्योल यांच्या एका लघुकादंबरीचे इंग्रजी भाषांतर आमच्या हाती लागले. 'कातारीना ब्लूमची गमावलेली अब्रू' असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. पुस्तक लहानसे, आम्ही ते एका बैठकीत संपविले आणि त्या वयाला शोभेल असा निष्कर्ष काढून मोकळे झालो. वृत्तपत्राचा बातमीदार हा कथेतला खलपुरुष, आणि शेवटी त्याला त्याचे फळ मिळते, एवढेच आम्हांस त्यात दिसले. पुढे २०१२ साली ब्रिटनमधल्या लेव्हसन चौकशीच्या बातम्या वाचताना त्या पुस्तकाची आठवण झाली. मिळवून पुन्हा वाचले, तेव्हा ध्यानात आले की आम्ही भलत्याच माणसाकडे बोट दाखवीत होतो.

ब्योल यांचा परिचय आपल्या वाचकांस थोडक्यात करून द्यावयास हवा. १९१७ साली कोलोन शहरात एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. महायुद्धात सक्तीने सैनिक व्हावे लागले, आणि युद्धानंतरच्या जर्मनीचे दैन्य व पुढे तिच्या सुबत्तेतला ढोंगीपणा हे त्यांच्या लेखनाचे विषय झाले. १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७६ साली चर्च-कराच्या व्यवस्थेचा निषेध म्हणून त्यांनी ख्रिस्तसभेचे औपचारिक सदस्यत्व सोडले, तरी श्रद्धेने आपण कॅथलिकच आहोत अशी त्यांची धारणा राहिली. १९८५ साली ते वारले. ख्रिस्तसभेवर रागावलेला पण तिच्यापासून दूर जाऊ न शकलेला असा हा लेखक आहे, आणि त्याची टीका आम्हांस घरच्या माणसाच्या बोलण्यासारखी लागते.

कादंबरीच्या मागे एक प्रत्यक्ष घटना आहे. १९७१ च्या डिसेंबरात जर्मनीत एका बँकेवर दरोडा पडला व एक पोलीस मारला गेला. पुरावा हाती येण्यापूर्वीच अक्सेल श्प्रिंगर यांच्या मालकीच्या 'बिल्ड' या प्रचंड खपाच्या दैनिकाने दहशतवादी टोळीचे नाव मथळ्यात छापून टाकले. ब्योल यांनी १९७२ च्या जानेवारीत 'डेर श्पीगल' साप्ताहिकात लेख लिहून या घिसाडघाईवर हल्ला चढविला. परिणाम असा झाला, की दहशतवाद्यांचा कैवारी म्हणून त्यांच्यावरच टीकेची झोड उठली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांनी त्यांच्या गावाकडच्या घराची झडती घेतली. दोन वर्षांनी, १९७४ साली, ही कादंबरी आली. वृत्तपत्राला त्यात नाव नाही; नुसते 'वृत्तपत्र' असे म्हटले आहे. मात्र 'बिल्ड'च्या पद्धतींशी काही साम्य आढळल्यास ते टाळता येण्याजोगे नव्हते, असा खोचक खुलासा लेखकाने आरंभीच करून ठेवला आहे.

कातारीना ही सत्तावीस वर्षांची घटस्फोटित स्त्री घरकाम करून पोट भरते. काटकसरीने तिने हप्त्यांवर एक लहान घर व जुनी मोटार घेतली आहे. कार्निव्हलच्या दिवसांत एका घरगुती नाचाच्या वेळी तिची लुडविग ग्योटेन नावाच्या तरुणाशी गाठ पडते. पोलीस त्याच्या मागावर असतात. ती त्याला रात्री आसरा देते आणि पहाटे निसटून जाण्यास मदत करते. पोलीस तिला चौकशीसाठी नेतात, आणि तेथून 'वृत्तपत्र' तिच्या मागे लागते. चार-पाच दिवसांत तिचे सारे आयुष्य चव्हाट्यावर येते. निनावी पत्रे येऊ लागतात, टेलिफोनवर अर्वाच्य बोलणी ऐकावी लागतात. ट्योटगेस नावाचा बातमीदार रंगाऱ्याचा वेष घेऊन इस्पितळात तिच्या आजारी आईच्या खाटेपर्यंत पोहोचतो. त्यानंतर आई मरते. रविवारी कातारीना ट्योटगेसला मुलाखतीच्या निमित्ताने घरी बोलावते आणि गोळ्या घालून ठार करते.

इथे 'अब्रू' या शब्दाविषयी एक खुलासा करतो. मराठीत बाईची अब्रू म्हटले की आपले मन एकाच दिशेला धावते. मूळ जर्मन शब्द व्यापक आहे. माणसाचे चांगले नाव, चारचौघांतली त्याची पत, हे सारे त्यात येते. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आठव्या आज्ञेखाली आम्हांस दोन पापे वेगळी करून शिकविली होती. खोटा आळ घेणे हे एक, आणि खऱ्या उणिवेचा कारणाशिवाय बोभाटा करणे हे दुसरे. दोन्हींत दुसऱ्याचे चांगले नाव जाते; म्हणून नुसते पापनिवेदन पुरत नाही, गेलेले नाव शक्य तेवढे परत मिळवून द्यावे लागते. ट्योटगेस ही दोन्ही पापे करतो, आणि बहुतेक वेळा एका शब्दाच्या फेरफाराने करतो. कातारीना ज्यांच्याकडे कामाला आहे ते वकील ब्लोर्ना तिला हुशार व संयमी म्हणतात; छापून येते ते थंड काळजाची व हिशेबी असे. मरणाच्या दारातली आई, असे का झाले म्हणून विचारते. छापील मजकुरात तिच्या तोंडी, हे व्हायचेच होते, अशा अर्थाचे वाक्य येते. साध्या माणसांना नीट बोलता येत नाही, आपण त्यांना मदत करतो, असे तो वर म्हणतो!

याच्या उलट कातारीना आहे. पोलिसांच्या जबानीत एका शब्दासाठी ती अडून बसते. काही पुरुष तिच्याशी प्रेमाने वागले असे नोंदले जाते, तेव्हा ती हरकत घेते. ते प्रेमळ नव्हते, लगट करीत होते. या दोहोंत फरक आहे आणि तो जबानीत आल्याखेरीज आपण सही करणार नाही, असे ती सांगते. शाळेत फार न शिकलेली ही मोलकरीण भाषेच्या बाबतीत त्या सगळ्या शिकलेल्यांपेक्षा काटेकोर आहे. आमच्या मते हा प्रसंग कादंबरीचे हृदय आहे, आणि अखेरची गोळीबाराची घटना त्यापुढे फिकी पडते.

पहिल्या वाचनात आमच्या नजरेतून निसटले ते आता सांगतो. कातारीनाकडे एक सभ्य गृहस्थ येऊन गेल्याचे शेजाऱ्यांकडून पोलिसांना कळते. तिच्याकडे एक मौल्यवान अंगठी सापडते. तो कोण, हे ती सांगत नाही. तो श्ट्रॉयब्लेडर असतो. उद्योग, विद्यापीठ आणि राजकारण या तिन्ही ठिकाणी वजन असलेला, संसारी, प्रतिष्ठित मनुष्य. त्याने तिच्यामागे लागून तिला अंगठी दिलेली आहे आणि आपल्या गावाकडच्या बंगल्याची किल्लीही. पळून गेलेला ग्योटेन त्याच बंगल्यात लपतो. म्हणजे या प्रकरणात गुंतलेली खरी मोठी बातमी कोणती, हे शेंबडे पोरही सांगेल. पण ती बातमी छापली जात नाही. श्ट्रॉयब्लेडरचा मित्र ल्यूडिंग याचा त्या 'वृत्तपत्रा'वर हुकूम चालतो. ल्यूडिंग एक टेलिफोन करतो. पुरी नावेसुद्धा घ्यावी लागत नाहीत, आद्याक्षरांवर काम भागते. मित्राचे नाव पूर्णपणे काढायचे आणि त्या बाईचे पूर्णपणे घालायचे, एवढाच निरोप. दुसऱ्या दिवशीचा अंक तसा निघतो.

एकाच माणसाचे नाव इथे दोन जण गाळतात. कातारीना स्वतःच्या स्वाभिमानापायी गाळते, आणि त्याची किंमत स्वतः मोजते. ल्यूडिंग मैत्रीपायी गाळतो, आणि त्याची किंमत कातारीनाला मोजावयास लावतो. वृत्तपत्राने काय छापले यावर आपण नेहमी वाद घालतो. मालक आणि राज्यकर्ते यांचे नाते मात्र न छापलेल्या मजकुरात असते, आणि न छापलेल्या मजकुराचे कात्रण कोणाला कापून ठेवता येत नाही. ब्योल यांनी निवेदनाची रीतही अशी योजली आहे, की निवेदक गोष्ट न सांगता अहवाल लिहितो. पाटाचे पाणी वळवावे, साचलेले डबके उपसून मोकळे करावे, तशी आपण माहिती एकीकडून दुसरीकडे नेत आहोत, असे तो म्हणतो. वाडीत पाणी वळविणाऱ्या आमच्या वसईच्या वाचकांस ही उपमा लगेच पटेल. बांध एका ठिकाणी फोडला की दुसरीकडचे वाफे कोरडे पडतातच.

आणखी एक गमतीची जागा आहे. लोकांचे टेलिफोन चोरून ऐकण्याची ज्यांना नोकरी करावी लागते, त्या बिचाऱ्यांच्या मनावर काय परिणाम होत असेल, याची निवेदक मध्येच गंभीर चेहऱ्याने काळजी वाहतो. १९७४ साली तो सरकारी यंत्रणेवरचा विनोद होता. पुढे वृत्तपत्रांनीच ते काम अंगावर घेतले.

ते ब्रिटनमध्ये घडले. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे १८४३ साली निघालेले रविवारचे पत्र १९६९ पासून रूपर्ट मर्डॉक यांच्या मालकीचे होते. २००६ साली त्याचा राजघराण्याच्या बातम्या देणारा वार्ताहर आणि एक खासगी गुप्तहेर यांना टेलिफोनवरचे निरोप चोरून ऐकल्याबद्दल अटक झाली. २००७ च्या जानेवारीत दोघे तुरुंगात गेले. संपादक अँडी कोलसन यांनी राजीनामा दिला. एक वाईट वार्ताहर होता, तो गेला, असे सांगण्यात आले. मग २०११ च्या ४ जुलैला 'गार्डियन'ने छापले की २००२ साली बेपत्ता होऊन खून झालेल्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीच्या टेलिफोनवरचे निरोपही या पत्राच्या माणसांनी ऐकले होते. देश हादरला. (त्या बातमीतला एक तपशील, निरोप या पत्राच्या माणसांनीच पुसून टाकल्याचा, पुढे सिद्ध होऊ शकला नाही, आणि 'गार्डियन'ला तशी दुरुस्ती करावी लागली. कातारीनाने ती अवश्य करवून घेतली असती.) १० जुलै २०११ रोजी पत्राचा शेवटचा अंक निघाला. २०१४ साली कोलसन यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या आधीच्या संपादक व पुढे कंपनीच्या प्रमुख झालेल्या रेबेका ब्रुक्स यांना न्यायालयाने निर्दोष सोडले.

राजीनाम्यानंतर कोलसन गेले कोठे? तर २००७ सालीच विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांचे प्रसिद्धीप्रमुख झाले, आणि २०१० मध्ये त्यांच्याबरोबर थेट पंतप्रधानांच्या कचेरीत. निवडणुकीनंतर आभाराच्या चहासाठी मर्डॉक त्या कचेरीत गेले ते मागच्या दाराने. तसे सांगण्यात आले होते म्हणून, असे त्यांनीच संसदीय समितीपुढे सांगितले. हा एकाच पक्षाचा दोष मानू नये. १९९५ साली मजूर पक्षाचे टोनी ब्लेअर ऑस्ट्रेलियाजवळच्या एका बेटावर मर्डॉक यांच्या अधिकाऱ्यांपुढे भाषण देण्यासाठी विमानाने गेले होते, आणि १९९७ च्या निवडणुकीत मर्डॉक यांच्या 'सन'ने मजूर पक्षास पाठिंबा दिला. त्याहून जुनी गोष्ट ४ जानेवारी १९८१ ची. 'टाइम्स' व 'संडे टाइम्स' विकत घेण्याच्या खटपटीत असलेले मर्डॉक त्या दिवशी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याबरोबर चेकर्स येथे जेवले. पुढे हा व्यवहार मक्तेदारी आयोगाकडे न पाठविताच मंजूर झाला. या काळात दोघांत संपर्कच नव्हता असे 'टाइम्स'च्या अधिकृत इतिहासात नोंदले गेले. जेवणाची टिपणी थॅचर यांच्या कागदपत्रांतून २०१२ साली बाहेर आली, म्हणजे एकतीस वर्षांनी.

न्यायमूर्ती लेव्हसन यांचा सुमारे दोन हजार पानांचा अहवाल २९ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रसिद्ध झाला. राजकीय पक्ष अनेक दशके वृत्तपत्रांच्या फाजील जवळ गेले होते, हे त्यांनी नि:संदिग्धपणे मांडले. उघड सौदा झाल्याचा पुरावा मात्र त्यांना आढळला नाही. या दोन विधानांत काहींना विसंगती वाटली. ब्योल यांचा वाचक मात्र गोंधळात पडणार नाही. जेथे आद्याक्षरेही पुरतात तेथे सौद्याचा कागद कोण करील? चौकशीचा दुसरा टप्पा व्हावयाचा होता; २०१८ च्या मार्चमध्ये सरकारने तो रद्द केला. बंद पडलेल्या पत्राची जागा तर केव्हाच भरली होती: 'सन'ची रविवारची आवृत्ती २६ फेब्रुवारी २०१२ लाच निघाली.

येथे ब्योल यांच्या कादंबरीवर एक आक्षेप घेतो. ट्योटगेसचे चित्र त्यांनी इतके काळे रंगविले आहे की वाचकाचा राग त्याच्यावरच खर्ची पडतो. ल्यूडिंग जेमतेम काही ओळींत डोकावतो आणि नाहीसा होतो. लेखकाच्या बाजूने म्हणता येईल की अशी माणसे जगातही तशीच डोकावतात. पण कलाकृतीने जगापेक्षा अधिक प्रकाश पाडावा, ही अपेक्षा गैर नव्हे. फोल्कर श्ल्योनडोर्फ व मार्गारेटे फॉन ट्रोटा यांनी १९७५ साली या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात ही उणीव भरून काढली आहे. त्यांनी शेवटी एक प्रसंग जोडला, ट्योटगेसच्या दफनाचा. कबरीपाशी उभा राहून ल्यूडिंग भाषण करतो, आणि ही हत्या म्हणजे वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा हल्ला आहे असे सांगतो. टेलिफोन करणारा माणूस प्रथमच उजेडात येतो तो शोक करताना.

आपल्या ख्रिस्तसभेविषयीही दोन गोष्टी लपवून चालणार नाही. १९९८ साली मर्डॉक यांना पोपमहाशयांच्या वतीने संत ग्रेगरीच्या नावाची सरदारकी देण्यात आली. ते स्वतः कॅथलिक नव्हते. त्या वेळी 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' दर रविवारी, लोक मिस्साला जाण्याच्या वेळी, काय छापीत होते ते सर्वांस ठाऊक होते. आणि २००७ साली कॅथलिक झालेले ब्लेअर पुढे मर्डॉक यांच्या एका मुलीचे धर्मपिता झाले. तो स्नानसंस्कार यार्देन नदीच्या तीरावर झाला. एखाद्या धर्मग्रामात गावच्या पुढाऱ्याने सावकाराच्या मुलीचे धर्मपितापद घेतले, तर धर्मगुरूने हरकत घ्यावी काय, हा प्रश्न आम्हांस अनेकदा पडला आहे. संस्काराचे पावित्र्य त्यामुळे उणे होत नाही. पण त्या पाण्यातून आणखी कोणते नाते ओले होऊन निघाले, हे पाहणाऱ्याला दिसल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडचे उदाहरणही दूर नाही. २००९ च्या निवडणुकांत, विशेषतः महाराष्ट्राच्या विधानसभेच्या वेळी, पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा बोभाटा झाला; एकच मजकूर स्पर्धक दैनिकांत जसाच्या तसा आलेला लोकांनी पाहिला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल लिहिला. २०१० साली कौन्सिलने प्रसिद्ध केला तो नावे नसलेला संक्षेप. मूळ अहवाल २०११ साली माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. पुन्हा तेच, वगळलेली नावे.

कादंबरीत एक धर्मगुरू आहे. त्याच्याविषयी लिहावयाचे आम्ही आतापर्यंत टाळीत आलो. कातारीनाच्या गावचा हा पाद्री 'वृत्तपत्रा'ला सांगतो की तिचा बाप छुपा कम्युनिस्ट होता, आणि आईला आपण दयेपोटी साफसफाईचे काम दिले तर तिने मिस्साचा द्राक्षारस चोरला. हे सारे छापून येते. पुढे ब्लोर्ना त्याला भेटून पुरावा विचारतात. पुराव्याची गरज नाही, आपल्याला त्या माणसाचा वासच येत असे, असे तो शांतपणे सांगतो. सेमिनरीत वाचताना या पात्राला आम्ही खूप हसलो होतो.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आम्ही सेवेत असताना तेथील एका तरुणाला पोलिसांनी रात्री चौकशीसाठी नेले. सकाळी एका स्थानिक पत्राच्या वार्ताहराने आम्हांस टेलिफोन करून मुलगा कसा आहे असे विचारले. तो मिस्साला फारसा दिसत नाही, एवढेच आम्ही म्हणालो. ते खरे होते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या नावाखाली छापून आले की धर्मगुरूंचेही त्याच्याविषयी प्रतिकूल मत आहे. चार दिवसांत पोलिसांनी त्याला सोडून दिले. त्याची ओळ कोठेही छापली गेली नाही. त्या रात्री त्याच्याबरोबर दुसराही एक मुलगा होता. त्याचे नाव पोलिसांना ठाऊक होते, वार्ताहराला ठाऊक होते, साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि ते कोणत्याच पत्रात आले नाही. त्याच्या वडिलांचे पत्राच्या मालकांकडे जाणे-येणे होते. आमच्याकडेही होते. धर्मग्रामाच्या शाळेच्या सभागृहाची परवानगी त्यांच्या शब्दामुळे मिळाली होती, आणि त्यांचे नाव दारावरच्या संगमरवरी पाटीवर आम्हीच कोरून घेतले होते. वार्ताहराने टेलिफोनवर, आणखी कोण होते काय, असेही विचारले होते. आम्हांस कल्पना नाही, असे आम्ही सांगितले.

त्या मुलाची आई दर रविवारी पहिल्या मिस्साला येत असे. बातमी आल्यापासून ती पुढचा बाक सोडून दाराजवळ बसू लागली. आमची बदली होईपर्यंत ती भेटली की नमस्कार करी, घरच्या केळ्यांचा फणाही पाठवी. दुसऱ्या मुलाच्या नावाविषयी तिने आम्हांस कधी विचारले नाही.